झील कोणी धरावी?

गाणे रंगात आले की श्रोत्याच्या ओठांना चाळा लागतोच. लोकगीताच्या बाबतीत तर तो मुळीच अशिष्ट नव्हे. नुकताच सरलेला भोंडला आठवून पाहा. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरणाऱ्या मुलींत गाणारी कोण आणि ऐकणारी कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. तो उद्भवतो गाणारा उभा राहिला आणि बाकीचे त्याच्यासमोर बसले म्हणजे. आता बसलेल्यांनी गावे की गप्प राहावे?

याचे उत्तर आपल्या लोककलांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. शाहिराच्या मागे झीलकरी असतात, तमाशात सुरत्ये असतात, वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात. ही मंडळी काय करतात ते पाहावे. शाहीर प्रसंग सांगत असतो तोवर झीलकरी थांबतात. तो सूर त्यांच्या हाती सोपवतो, तेव्हाच ते झील धरतात. बुवा निरूपण करू लागले की टाळ मुके होतात. अभंगाच्या चरणावर बुवा परतले की ते पुन्हा बोलू लागतात. श्रोत्याची जागा या झीलकऱ्याच्या पाठीशी आहे, त्याच्यापुढे नव्हे. ध्रुपद सर्वांचे, कडवे गाणाऱ्याचे, एवढाच हा करार.

हल्ली तो दोन्हीकडून मोडतो. नाट्यगृहातला एक वर्ग ओठ मिटून बसतो. शाहिराने ‘म्हणा मंडळी’ म्हणून हात पुढे केला, तरी हा शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. याला शिष्टाचार म्हणवत नाही; दारी आलेले आमंत्रण परत पाठवण्यासारखेच ते आहे. दुसरा वर्ग याच्या अगदी उलट. त्याला गाणे पाठ असते, तेही ध्वनिमुद्रिकेवर असेल तस्से, आणि पहिल्या अक्षरापासून तो ते मोठ्याने म्हणू लागतो.

खरे नुकसान हा दुसरा वर्ग करतो. लोकगायकाचे शब्द दगडावर कोरलेले नसतात. समोरचे गाव, चालू प्रसंग पाहून तो एखादी ओळ ऐन वेळी बदलतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी मैदाने गाजवीत होती, तेव्हा त्या गाण्यांत लोकांची गाऱ्हाणी होती, राज्यकर्त्यांना जाब होता. तो शब्द कोलाहलात बुडाला असता, तर ती शाहिरी कशाला उरली असती? समोरची दोनशे माणसे जुनीच ओळ घोकू लागली, तर नव्या ओळीने उभे राहावे कोठे? शिवाय आजोबांच्या मांडीवर बसून पोवाडा प्रथमच ऐकणाऱ्या नातवाच्या कानी कथा पडत नाही. पडतो तो आजोबांचा उत्साह!

बैठकीची लावणी तर आणखी नाजूक. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांनी जपलेल्या या प्रकारात एकच ओळ पुन:पुन्हा येते आणि दर वेळी अदेने निराळा अर्थ घेऊन येते. कधी रुसवा, कधी आर्जव. तेथे श्रोत्याने सूर लावला की अर्थ एकच उरतो, आणि तोही ढोबळ. मान डोलवावी, मनापासून ‘वाहवा’ म्हणावी. गाऊ मात्र नये.

मग ओळखावे कसे? डफाची थाप किंवा ढोलकीचा बोल आपल्याला ऐकू येईनासा झाला, की आवाज चढला असे समजावे. टाळी वाद्याच्या मागून चालावी. ती पुढे धावू लागली की लय बिघडते आणि बिचाऱ्या ढोलकीवाल्याला तिच्यामागे पळावे लागते. आणि शाहिराने बोलावले, तर बेसूर आवाजाची लाज धरू नये. झिलीत एकाचा बेसूर दहांत सहज सामावून जातो.

यंदा दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला मुलाबाळांसह जाल, तेव्हा मुलांना एवढेच सांगावे: कडवे कान देऊन ऐका, ध्रुपद आले की मोकळ्या गळ्याने म्हणा.