दिनलेखन, मराठीतील

दिवस, महिना व वर्ष यांचा निर्देश करण्याच्या मराठी लेखनरीती आणि त्यांतील शब्दयोजना. या विषयाची चर्चा दीर्घकाळ ‘तारीख’ की ‘दिनांक’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. वस्तुतः खरी संदिग्धता शब्दाच्या कुळात नसून कालगणना, अंकांचा क्रम व मुदतीची मोजणी यांत आहे.

‘तारीख’ हा मूळचा अरबी शब्द फार्सीमार्फत मराठीत आला. वि. दा. सावरकर यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून ‘दिनांक’ हा पर्याय पुढे आला. फार्शी-मराठी कोश (१९२५) सिद्ध करणारे माधव जूलियन यांनीही भाषाशुद्धि-विवेक (१९३८) लिहून या चळवळीची बाजू मांडली. शासकीय पत्रव्यवहारात ‘दिनांक’ स्थिरावला. बोलण्यात मात्र ‘तारीख’ टिकली. न्यायालयात तारीख पडते, दिनांक पडत नाही. ‘दिनांक ५ मे रोजी’ असे कटाक्षाने लिहिणाऱ्यास ‘रोजी’ हाही फार्सीच आहे, हे सहसा जाणवत नाही. तथापि नव्या शब्दाचा एक व्यावहारिक लाभ मान्य करावयास हवा. ‘मौजे कोपरी, ता. व जि. ठाणे’ अशा निर्देशात ‘ता.’ म्हणजे तालुका; त्याच कागदावर अंकापूर्वी ‘ता.’ आल्यास ती तारीख, आणि पत्राच्या शेवटी ‘ता. क.’ म्हणजे ताजा कलम. ‘दि.’ लिहिल्याने हा घोटाळा टळतो.

क्रमाच्या बाबतीत इंग्रजीतच एकवाक्यता नाही. ‘३/४’ हा ब्रिटिश रीतीने ३ एप्रिल, तर अमेरिकन रीतीने ४ मार्च. महाराष्ट्र शासन राजपत्रात ‘जून १४, २०१२’ अशी महिना आधी देणारी मांडणी आढळते. ती केवळ इंग्रजीची नक्कल म्हणून नाकारली जाते, ते मात्र योग्य नव्हे. ‘शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १३’ या शिवराज्याभिषेकाच्या मितीत वर्ष, महिना, पक्ष, तिथी असा मोठ्याकडून लहानाकडे जाणारा क्रम आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ या मानकात वर्ष, महिना, दिवस हाच क्रम ठरविला.

कालगणनेचा गोंधळ याहून गंभीर आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत शुहूर सन अरबी संख्याशब्दांनी दिलेला असतो. ‘सबा सबैन व अलफ’ म्हणजे १०७७. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १६७६ येते. परंतु हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या पत्रांसाठी ६०० मिळवावे लागतात. हे न केल्यास घटना एक वर्ष मागे जाते. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय पंचांगाने दुसरी अडचण निर्माण केली. त्याचे महिने सौर, पण नावे चांद्र पंचांगाचीच. २०२४ मध्ये राष्ट्रीय १ चैत्र २१ मार्चला आला आणि गुढीपाडवा ९ एप्रिलला. शके १९४६ चा आरंभ अशा रीतीने १९ दिवसांच्या अंतराने दोनदा झाला. ‘शुद्ध’ वा ‘वद्य’ नसल्यास ती बहुधा राष्ट्रीय तारीख समजावी, एवढीच खूण वाचकाच्या हाती उरते. महिन्यापूर्वी ‘राष्ट्रीय’ किंवा ‘सौर’ हा शब्द लिहिण्याची प्रथा सुरुवातीपासूनच पाडावयास हवी होती.

मुदतीसंबंधीचा दोष भाषांतरातून येतो. ‘१ जूनपासून शाळा’ यात मराठी माणूस १ जून धरतोच. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या ९ व्या कलमानुसार मात्र केंद्रीय अधिनियमांतील ‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दाने पहिला दिवस वगळला जातो, आणि ‘टू’ या शब्दाने शेवटचा दिवस धरला जातो. त्या ‘फ्रॉम’ला सरसकट ‘पासून’ योजल्यास मूळ मजकूर आणि त्याचे भाषांतर यांत एक दिवसाचा फरक पडतो, आणि अपिलाची मुदत संपली की नाही, हे त्या एका दिवसावर ठरू शकते. अशा ठिकाणी ‘तो दिवस धरून’ किंवा ‘तो दिवस सोडून’ असे स्पष्ट लिहिणे मराठीच्या प्रकृतीस धरून आहे.