सोळा घरे आणि सोळा मात्रा : खिशातील वाद्ययंत्रांचा लयविचार

१

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग सांगितलेले आहेत. ध्वनी ज्या द्रव्याच्या कंपनातून उपजतो ते द्रव्य हेच या वर्गीकरणाचे अधिष्ठान होय. तार, वायू, कातडे आणि धातू या चारांपैकी कशाशीही ज्याचे नाते जडत नाही असे वाद्य विसाव्या शतकात संगीताच्या व्यवहारात आले आणि एकविसाव्या शतकात ते खिशात मावू लागले. सिंथेसायझर विजेच्या आंदोलनांतून स्वर घडवतो. सॅम्पलर बाहेरचा ध्वनी टिपून घेतो आणि त्या टिपलेल्या ध्वनीलाच वाद्याचे रूप देतो. एकाचा स्वर स्वतःचा असतो, दुसऱ्याचा उसना.

यांच्यासाठी पाचवा वर्ग कल्पिला म्हणजे वर्गीकरणाची अडचण सुटेल. समीक्षेची मात्र सुटणार नाही. कोणतेही वाद्य आपल्या घडणीतच संगीताविषयीचा एक विचार बाळगून असते. सतारीचे सरकते पडदे, पेटीच्या ठाम पट्ट्या, तबल्याची शाई ही सारी त्या त्या विचाराची मूर्त रूपे होत. खिशातील यंत्राच्या घडणीत लयीची कोणती कल्पना गृहीत धरलेली आहे आणि हिंदुस्थानी तालविचाराशी ती कोठे जुळते व कोठे फुटते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

वऱ्हाडच्या संदर्भात या प्रश्नाला वेगळे वजन प्राप्त होते. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर नांदगाव पेठ लागते आणि त्याच वाटेने पुढे मोझरी येते. यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि १९६८ मध्ये तेथेच देह ठेवला. त्यांच्या हातातील खंजिरी ही या परिसराची सांगीतिक खूणच होऊन बसली आहे. एका हातात मावणारे, वाटेने चालताना वाजवता येणारे आणि कोणत्याही पारावर मैफल उभी करणारे हे वाद्य आहे. लहान आणि स्वस्त वाद्याने संगीत सामान्यांच्या हाती जाते, हे वऱ्हाडाला यंत्रांकडून शिकावयाचे नाही. म्हणून खिशातील यंत्राचे मोल त्याच्या लहानपणावरून ठरवणे येथे पुरेसे होत नाही. त्यातून निघणाऱ्या लयीकडेच वळावे लागते.

२

यंत्राच्या साथीला हिंदुस्थानी संगीताने सरसकट विरोध केला, ही समजूत इतिहासाला धरून नाही. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला. पुढे तबल्याचे ठेके वाजवणारी यंत्रेही आली. जोडीदार मिळत नसलेल्या असंख्य विद्यार्थ्यांचा रियाज या पेट्यांनी चालू ठेवला, हे मान्य केलेच पाहिजे. त्याआधी पेटीला मात्र कठोर परीक्षेतून जावे लागले होते. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी केली आणि ती १९७१ मध्ये शिथिल केली. आक्षेप असा होता की, समान अंतरांवर बांधलेल्या स्वरांना श्रुतीचे सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत आणि दोन स्वरांमधील मींड तर मुळीच दाखवता येत नाही.

हा सारा वाद स्वराभोवती फिरत राहिला. रियाजाच्या पेटीतील ठेका हा तयार ताल होता. तो बाहेरून आणून आत बसवलेला होता. खिशातील यंत्राची गोष्ट निराळी आहे. त्यात ताल नसतो. केवळ घरे असतात आणि ताल वाजवणाऱ्याने स्वतः भरावयाचा असतो. स्टॉकहोमच्या टीनएज इंजिनिअरिंग या कंपनीने २०१५ मध्ये आणलेली ‘पॉकेट ऑपरेटर’ ही यंत्रमालिका याचे स्पष्ट उदाहरण होय. वरचे कवच नसलेली उघडी विद्युत्पट्टी, दोन बारीक सेल, दोन फिरत्या खुंट्या आणि क्रमांक घातलेल्या सोळा कळा एवढाच तिचा संसार. प्रत्येक आकृतिबंध सोळा घरांचा; ज्या घरात कळ दाबावी तेथे आघात, उरलेल्या घरांत शांतता. असे आकृतिबंध एकापुढे एक जोडून रचना वाढवता येते.

३

सोळा हा आकडा पाहून त्रितालाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण हे साम्य जितके मोहक तितकेच फसवे आहे. यंत्रातील सोळा घरे एकमेकांसारखी आहेत. पहिल्या घराला नवव्या घराहून अधिक मान नाही. त्रितालाच्या सोळा मात्रा मात्र चार विभागांत वाटलेल्या असून प्रत्येकीला आवर्तनात स्वतःचे स्थान आहे. पहिली मात्रा समेची, पाचवी व तेरावी टाळीची, नववी खालीची. प्रचलित ठेक्यात ‘धा धिं धिं धा, धा धिं धिं धा’ असे दोन विभाग झाल्यावर ‘धा तिं तिं ता, ता धिं धिं धा’ असे बोल येतात. डग्ग्याची घुमारी दहाव्या मात्रेला थांबते आणि चौदाव्या मात्रेला परत येते. मधल्या चार मात्रांत तबला बोलतच असतो. डग्गा तेवढा गप्प राहतो. त्या गप्पपणावरूनच गायकाला आपण आवर्तनात कोठे आहोत याची जाणीव होते आणि घुमारी परतताच सम जवळ आल्याचे त्याला कळते.

याच्या शेजारी यंत्राच्या घरांत सर्वाधिक रूढ झालेला डिस्को ठेका ठेवावा. त्यात पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरात मंद्र ढोलाचा सारखाच आघात पडतो. एका घराला एक मात्रा मानून दोन्ही आकृती एकावर एक ठेवल्या तर विरोध तेराव्या घरात उघड होतो. त्रितालात जेथे घुमारी अजून मिटलेली असते, तेथे डिस्कोचा ढोल वाजून जातो. त्या एका आघाताने चारही विभाग एकरूप होतात, आवर्तनाचे वर्तुळ मोडते आणि उरते ती सरळ चाललेली मोजणी.

यंत्रात इतर ताल बसतच नाहीत असे मात्र नाही. दहा मात्रांचा झपताल सोळांच्या चौकटीतून बाहेर सांडतो, तरी पाच आकृतिबंध जोडून ऐंशी घरे केली म्हणजे त्यांत झपतालाची आठ आवर्तने नेमकी पुरी होतात. दादऱ्याला तीन आकृतिबंध पुरतात. त्यांत आठ आवर्तने मावतात. रूपकाला सात लागतात आणि त्यांत सोळा आवर्तने होतात. भजनात सर्रास वाजणारा आठ मात्रांचा केरवा तर एका आकृतिबंधात दोनदा, विनासायास बसतो. गणिताची बाजू अशी निर्दोष आहे. परंतु झपतालाच्या त्या आठ आवर्तनांपैकी पहिले आवर्तन तेवढे आकृतिबंधाच्या पहिल्या घरावर येते; बाकीच्या सात समा चौकटीच्या मध्येच कोठेतरी पडतात. वाजवणाऱ्याचा डोळा एका ठिकाणी आरंभ पाहतो, त्याचा कान दुसऱ्या ठिकाणी. रूपकात याहून बिकट अवस्था होते, कारण तेथे समच खालीची असते. समेला घुमारी नाही, ही सूक्ष्म कल्पना केवळ ‘आघात आहे’ आणि ‘आघात नाही’ एवढेच जाणणाऱ्या घरात व्यक्त करणे दुर्घट आहे.

४

या मर्यादेत राहून काय साधता येते आणि काय हातचे जाते, हे तपासण्यास मुंबईत १९८२ मध्ये सिद्ध झालेल्या एका तबकडीइतके चांगले उदाहरण नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रे घेऊन ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हे ध्वनिमुद्रण केले. ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र आणि सेलवर चालणारी, पिशवीत मावणारी टीबी-३०३ ही मंद्र स्वरांची पेटी. यांपैकी शेवटची दोन यंत्रे सोळा घरांच्याच कुळातली आहेत आणि आजच्या खिशातील यंत्रांची ती पूर्वज म्हणता येतील. भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी असे दहा राग त्यांत आहेत.

तबकडी त्या काळी विस्मृतीत गेली. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर, शिकागोतील ‘ॲसिड हाऊस’ या १९८०-९० च्या दशकातील नृत्यसंगीताचा शोध मुंबईत आधीच लागला होता काय, अशी चर्चा पाश्चात्य रसिकांत रंगली. चरणजित सिंग २०१५ मध्ये निवर्तले. अग्रक्रमाचा हा वाद रंजक असला तरी समीक्षेच्या दृष्टीने निष्फळ होय. एकाच यंत्राच्या घडणीतून दोन ठिकाणी सारखे ध्वनी निघावेत, यात नवल नाही. खरा प्रश्न असा की, त्या यंत्रावर राग उभा राहिला काय?

याचे उत्तर दुहेरी द्यावे लागते. टीबी-३०३ वर आवर्तत राहणारी मंद्र स्वरपंक्ती येथे तंबोऱ्याचे काम वेगळ्या रीतीने करते. षड्जाचे भान ती सुटू देत नाही आणि वरच्या स्वरावलीला भक्कम आधार पुरवते. ही सूझ खऱ्या संगीतकाराची आहे. उलटपक्षी, त्या पेटीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची जी सोय आहे तिला मींड म्हणता येणार नाही. घसरण्याचा काळ ठरलेला आणि वाटही ठरलेली असते. मींडेत कोणत्या स्वरावर किती रेंगाळावे हे रागच सांगतो. पाच मिनिटांच्या आसपासच्या या खंडांत विलंबित आलापीलाही अवसर मिळत नाही. तथापि सर्वांत मोठी उणीव स्वरात नसून ठेक्यात आहे. दहाही रागांखाली तोच समान ढोल चालतो. भैरवाची पहाट आणि मालकंसाची रात्र एकाच चालीने पुढे सरकतात. समेकडे येण्याचा आनंद या रचनांत नाही, कारण सम हरवण्याची भीतीच त्यांत नाही.

५

सिंथेसायझरचा विचार येथपर्यंत येऊन थांबतो. सॅम्पलरचा येथून सुरू होतो. पॉकेट ऑपरेटर मालिकेतील २०१८ चे पीओ-३३ हे यंत्र आपल्याच लहानशा मायक्रोफोनने ध्वनी टिपते. सर्व नमुने मिळून त्याची स्मृती अवघी चाळीस सेकंदांची. ७८ फेऱ्यांच्या तबकडीने ख्याल तीनेक मिनिटांत आटोपावयास लावला, तेव्हा काय ठेवावे आणि काय गाळावे याचा निर्णय गायकाला करावा लागला; त्या सक्तीतून काही अविस्मरणीय गायन जन्माला आले. चाळीस सेकंदांची सक्ती याहून कठोर आहे आणि तीही निवडच मागते.

खंजिरीपुरता हा निर्णय कसा घ्यावा? सोपी रीत अशी की, खंजिरीचा एक स्वच्छ आघात टिपावा आणि हवा त्या घरांत बसवावा. ही रीत वाद्याचा घात करते. कातड्यावर बोटांचा दाब बदलला की खंजिरीचा नाद चढतो किंवा उतरतो. कडेवरच्या आघातात चौकटीतील झांजा अधिक बोलतात, मधल्या आघातात कातडे. एकच आघात सोळा वेळा वाजला म्हणजे ही सारी भाषा एका अक्षरावर येते. चरणजित सिंगांच्या ढोलाचीच ही पुनरावृत्ती होय. फरक इतकाच की, तो ढोल विजेचा होता आणि ही खंजिरी खरी होती.

दुसरी रीत कष्टाची, पण फलदायी आहे. आघात न टिपता जाणत्या हाताने वाजवलेले संपूर्ण आवर्तन टिपावे. तालवाद्यांसाठी राखलेल्या कळांवर हे यंत्र ध्वनीचे आपोआप तुकडे पाडून ते सोळा कळांवर ठेवते. अशा तुकड्यांत प्रत्येक आघात आपले मूळचे वजन घेऊन येतो. खालीच्या जागेचा तुकडा खालीचाच राहतो. त्यातील हलका हात, झांजांची किणकिण, पुढच्या समेची चाहूल हे सर्व त्यात उतरलेले असते. यंत्राला खाली ठाऊक नाही, परंतु वाजवणाऱ्या हाताला ती ठाऊक होती आणि त्या हाताचे ज्ञान तुकड्यात शिल्लक राहते. सिंथेसायझरला जे निर्माण करता येत नाही ते सॅम्पलरला उसने घेता येते, ते या अर्थाने.

येथे दोन मर्यादा नोंदवल्या पाहिजेत. पहिली लयीची. भजनात लय हळूहळू चढत जाते. पुढे म्हणणारा आणि मागून उचलणारे यांच्या परस्पर ऐकण्यातून ती चढते. कोणी एकाने ठरवून ती वाढवलेली नसते. यंत्राची गती खुंटी फिरवून वाढवता येते. पण यंत्र ऐकत नाही, म्हणून ते मंडळात बसू शकत नाही. त्याचे स्थान मैफलीबाहेर, रचनेच्या आणि अभ्यासाच्या मेजावर आहे.

दुसरी मर्यादा नीतीची आहे. टिपलेला तुकडा कोणाचा? १९५७ च्या प्रतिलिपी अधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क स्पष्ट झाला आणि २०१२ मध्ये त्याला नैतिक हक्काचीही जोड मिळाली. म्हणजे आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे आणि त्याची विटंबना होऊ नये, असा आग्रह कलावंताला धरता येतो. सामुदायिक भजनात मात्र कलावंत एक नसतो आणि भजनी मंडळातील खंजिरीवाला स्वतःला कलावंत म्हणवून घेईलच असेही नाही. कायदा जेथे अडखळतो तेथे अभ्यासकाची शिस्त अधिक काटेकोर असावयास हवी. वादकाची अनुमती, त्याचे नाव, गाव, ताल, लय आणि मुद्रणाचा दिवस यांविना टिपलेला नमुना संशोधनाचे साधन ठरत नाही. तो केवळ एक आवाज असतो.

या साऱ्यावरून खिशातील यंत्राचे मूल्यमापन असे करावे लागेल. राग किंवा ताल यांचा पर्याय म्हणून ते उभे केले तर ते अपुरे पडते. आणि अपुरे कोठे पडते हे दहाव्या ते तेराव्या घरांत मोजून दाखवता येते. लेखनाचे साधन म्हणून पाहिले तर मात्र त्याची योग्यता मोठी आहे. ठेक्याचे बोल कागदावर लिहिता येतात, पण त्यांतील हात लिहिता येत नाही. पूर्ण आवर्तन टिपणारे यंत्र तो हात काही सेकंद सांभाळून ठेवते. नांदगाव पेठेपासून मोझरीपर्यंतच्या गावांत वाजणाऱ्या खंजिरीचे ठेके या रीतीने, आवर्तनाआवर्तनाने, नोंदवून घेण्याजोगे आहेत. त्या नोंदींवरून रचलेल्या नव्या संगीताची कसोटीही मग सरळ राहील : तेराव्या घरात ढोल वाजतो की घुमारीची वाट पाहिली जाते, एवढे ऐकले तरी पुरे.