बाईपण कोणाचे?

केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) या चित्रपटाने उतारवयातील स्त्रीच्या इच्छेला पडद्यावर जागा दिली, हे आधी मान्य केले पाहिजे. दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, संसाराने थकलेली शरीरे पुन्हा फेर धरतात. हा आनंद खोटा नाही.

प्रश्न आहे तो अंगणाचा. मंगळागौर हे मुख्यतः उच्चवर्णीय घरांतील नवविवाहितेचे, अखंड सौभाग्य मागणारे व्रत. चित्रपट मात्र तो साऱ्याच मराठी बायकांचा वारसा समजून चालतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या स्त्रियांनी २२ प्रतिज्ञा घेतल्या, त्यांनी गौरी-गणपतीला देव मानणे सोडले. मोहन्याची एन.आर.सी. कंपनी २००९ मध्ये बंद पडल्यावर चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणाऱ्या बौद्ध बाईने आपले हरवलेले दिवस कोणत्या फेरात शोधावेत?

तिचे भगिनीत्व चळवळीने घडवले. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेला सुमारे २५,००० स्त्रिया जमल्या होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथासाठी चळवळीतल्या वृद्ध कार्यकर्त्या शोधून काढल्या, त्यांना बोलते केले. आपण तिथे होतो, याची कुठेतरी नोंद व्हावी, ही ओढ त्या पानापानांत आहे. उतारवयाची यापेक्षा मोठी ओढ कोणती?

चित्रपटाला लागणारे सारे तिथे आहे. आमच्या आयाबायांना वगळून ‘बाईपण’ हा शब्द पुरा होत नाही.