प्रताप मुळीक यांची चित्रकथा : पुराणपुरुषापासून महानायकापर्यंत

भारतीय महानायकांची चित्रकथा म्हणजे पाश्चात्त्य कॉमिक्सची नक्कल, असे मत सर्रास मांडले जाते. पुण्याचे ज्येष्ठ चित्रकार प्रताप मुळीक यांच्या कारकिर्दीच्या आधारे या मताचा पुनर्विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुळीकांची शैली ‘अमर चित्रकथा’ या मालेत आकारास आली. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालेतील ‘शिवाजी’ या अंकाचे लेखन भा. रा. भागवत यांचे, तर चित्रे मुळीकांची आहेत. प्रमाणबद्ध शरीररचना आणि नायकाच्या उभे राहण्यातील भारदस्तपणा ही या शैलीची वैशिष्ट्ये होत. पुढे १९८० च्या दशकात अमिताभ बच्चन यांना नायक कल्पून निघालेल्या ‘सुप्रीमो’ मालिकेसाठीही त्यांनी चित्रे काढली.

१९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ वाचकांसमोर आणला. या नायकास मुखवटा नाही. हिरवी, खवलेदार त्वचा हेच त्याचे वस्त्र आणि देहात वसणारे सर्प हेच त्याचे शस्त्र. दुष्ट नागमणीच्या तावडीतून त्याला सोडवितात ते बाबा गोरखनाथ. नवनाथांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकास हे विश्व परके वाटत नाही. मुळीकांनीही नागराजाला पुराणपुरुषाच्याच भारदस्तपणाने उभे केले. म्हणूनच त्यांचा नागराज ही नक्कल नसून पौराणिक चित्रपरंपरेचा विस्तार आहे, असे म्हणावे लागते.

अर्थात याच गुणातून या शैलीची मर्यादाही उद्भवते. झुंजीच्या ऐन क्षणीही त्यांची आकृती स्थिर भासते. १९९० च्या दशकात अनुपम सिन्हा यांनी नागराज हाती घेतल्यावर गती वाढली. परंतु आकृतीचा तो ठहराव ओसरला.

असे असूनही मराठी समीक्षेने मुळीकांच्या या कामाची फारशी दखल घेतली नाही. भाषा हिंदी म्हणून साहित्यसमीक्षकांनी आणि छपाई स्वस्त म्हणून कलासमीक्षकांनी ते बाजूस ठेवले. वास्तविक निजामी राजवटीचा वारसा असलेल्या मराठवाड्यास हिंदी-उर्दू कधीच परकी नव्हती. लातूर-नांदेडच्या एका पिढीने ही पुस्तके भाड्याने आणून वाचली. हलक्या कागदावरील हे अंक आज जीर्ण होत आहेत. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी ते आताच जमविले नाहीत, तर या कारकिर्दीच्या अभ्यासाचे मूळ साधनच उरणार नाही.