'एकच प्याला'तील सुधाकराची आत्महत्या : प्रायश्चित्त की पलायन?

प्रस्तावना : राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी विदर्भातील सावनेर येथे निधन झाले. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' बडोद्यात रंगभूमीवर आणले. या शोकांतिकेचा विचार बहुधा मद्यपाननिषेध व सिंधूचे पातिव्रत्य या अंगांनी होतो. सुधाकराचे विषप्राशन मात्र पापाचे प्रायश्चित्त म्हणून सहज स्वीकारले जाते. ही धारणा कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : सुधाकर बुद्धिमान पण अहंकारी वकील आहे. न्यायालयातील प्रसंगामुळे त्याची सनद तहकूब होते आणि तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो. पुढे त्याच्याच हातून मूल मरते व सिंधू मरणोन्मुख होते. तरीही पोलिसांसमोर ती आपली जखम अपघाताची सांगते. ज्या जीवासाठी सिंधू असत्य बोलते, तोच जीव सुधाकर स्वतः संपवतो.

यासाठी तो विष मिसळतो तेही दारूतच. अपमान सोसवला नाही म्हणून पहिला पेला, अपराध सोसवला नाही म्हणून अखेरचा. दोन्हींमागील वृत्ती एकच आहे. त्यामुळे या मृत्यूत पश्चात्ताप खरा असला, तरी त्यास प्रायश्चित्त म्हणता येत नाही.

अर्थात दोष एकट्या सुधाकराचा नाही. मध्यंतरी दारू सोडून तो नोकरीच्या शोधात हिंडतो, तेव्हा प्रतिष्ठित समाज त्याला झिडकारतो. याउलट भगीरथ हा मद्यपी तरुण रामलालचा आधार मिळताच सावरतो व लोकसेवेकडे वळतो. सुधाकराचा शेवट अटळ नव्हता, याची साक्ष भगीरथाच्या रूपाने नाटकातच आहे.

निष्कर्ष : भंडारा जिल्हा झाडीपट्टी रंगभूमीच्या परिसरात येतो. रात्र रात्र नाटक पाहणाऱ्या या समाजातील विद्यार्थी रंगमंचावरील मृत्यूने हेलावतो. अशा विद्यार्थ्यासमोर आत्महत्येचा पापक्षालन म्हणून गौरव करणे साहित्यदृष्ट्या अपुरे आणि अध्यापनदृष्ट्या घातक ठरते. सुधाकराविषयी करुणा वाटावी, हे गडकऱ्यांचे यश होय. परंतु अध्यापकाने त्या करुणेबरोबरच भगीरथाचा मार्गही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे.