बर्फाच्या डोंगराची पैज

‘माकुरा नो सोशी’ हे पुस्तक म्हणजे सेई शोनागोनच्या याद्या, असे समीकरणच होऊन बसले आहे. मनाला सुखावणाऱ्या गोष्टींची यादी, वैताग आणणाऱ्या गोष्टींची यादी. हजार वर्षांपूर्वी जपानच्या राजवाड्यात राहणारी एक बाई आपल्यासारखीच लांबण लावणाऱ्या पाहुण्यांवर चिडते, हे वाचून मौज वाटते आणि वाचक तिथेच खूश होऊन थांबतो. याद्या झकास आहेतच. पण या बाईच्या लेखणीचा कस पाहायचा असेल तर बर्फाच्या डोंगराचा लांबलचक प्रसंग वाचावा. त्यात घडते काय? बर्फाचा एक ढीग उभा राहतो आणि वितळतो. बस्स.

जागा हेइआन-क्यो, म्हणजे आजचे क्योतो. बहुतेक अभ्यासक हा प्रसंग 998 सालच्या अखेरीचा धरतात. वर्षाचा बारावा महिना चालू आहे, बर्फ भरपूर पडले आहे. सम्राज्ञी तेइशीच्या सख्या, शोनागोन त्यांतलीच एक, आधी ते पडवीत गोळा करत बसतात, मग अंगणात चांगला डोंगरच उभारू अशी टूम निघते. लगेच हुकूम सुटतो: जे कामाला येतील त्यांना तीन दिवसांची हजेरी वाढवून मिळेल, जे येणार नाहीत त्यांची तेवढीच कापली जाईल. ऐकणारे धावत सुटतात. शोनागोन हे सहज टिपून पुढे सरकते, पण मला या तपशिलाचे फार अप्रूप वाटते. खेळातला डोंगरसुद्धा तिथे सरकारी शिस्तीत उभा राहतो.

डोंगर झाल्यावर तेइशी विचारते, हा किती दिवस टिकेल? कुणी दहा दिवस म्हणते, कुणी थोडे अधिक. शोनागोन मात्र थेट नव्या वर्षात उडी मारते. पहिल्या महिन्याची दहा तारीख उलटेपर्यंत टिकेल, म्हणते. हे अशक्य आहे, असे सगळ्यांचे मत पडते. तेइशीचेही. शब्द तोंडातून गेल्यावर शोनागोनला मनातल्या मनात वाटते की आपण जरा जास्तच बोललो, वर्षाचा पहिला दिवस म्हटले असते तरी पुरे होते. पण आता माघार कशी घ्यायची? ती अडून बसते. पुढे पंधरा तारीख ही तिच्या हट्टाची सीमारेषा होते. बाराव्या महिन्याच्या विसाव्या दिवसाच्या सुमारास पाऊस येतो, डोंगर खचू लागतो, तेव्हा ती शिरायामाच्या कान्नोनला साकडे घालते. शिरायामा म्हणजे पांढरा पर्वत. बर्फासाठी नवस बोलायचा तर तो बर्फाच्याच पर्वतावरच्या देवतेला, हा तिचा चावटपणा आहे.

या कथेत मधूनच माणसे येतात आणि जातात. सम्राटाकडून तादाताका नावाचा अधिकारी निरोप घेऊन येतो. याच माणसाने दुसऱ्या एका प्रकरणात ओकिनामारो या कुत्र्याला बडव बडव बडवले आहे. तो सांगतो की आज जिकडेतिकडे असेच डोंगर झालेत. सम्राटाच्या अंगणात, युवराजाकडे, कोकिदेन महालात, क्योगोकुच्या वाड्यातसुद्धा. एक भीक मागणारी भिक्षुणी येते, अचकटविचकट गाणी म्हणते, सख्या तिला हसतात आणि कपडा देतात. तिला हिताची नो सुके असे नाव पडते. पुढे दुसऱ्या एका गरीब, लाजऱ्या भिक्षुणीला दान मिळालेले पाहून हीच बाई रुसते. वाचताना वाटते, बर्फ कुठे गेले? पण कथा भरकटत नाही. दिवस जाताहेत हे सांगण्याची शोनागोनची ही रीत आहे. तारखा मोजत बसण्यापेक्षा ती माणसे मोजते.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला एका सकाळी कामो देवस्थानाच्या महापुजारिणीकडून पत्र येते, सोबत अरिष्ट टाळणाऱ्या शुभकाठ्या. तेइशीला तातडीने उठवायला हवे, पण जाळीची जड झडप एकटीला उचलवत नाही. म्हणून शोनागोन ‘गो’ खेळायचा पाट ओढून त्यावर चढते आणि कुंथत कुंथत ती झडप वर ढकलते. इतका सोहळ्याचा क्षण, आणि आपल्याला दिसते ती पाटावर चढलेली, धापा टाकणारी बाई.

तीन तारखेला अचानक ठरते की सम्राज्ञी आत, मुख्य राजवाड्यात जाणार. शोनागोन कमालीची हिरमुसते. का? तर आता डोंगराचा शेवट पाहायला मिळणार नाही! ती कुंपणाच्या भिंतीला टेकून छपरी बांधून राहणाऱ्या बाईला पकडते, खाऊ देते, बक्षीस कबूल करते आणि पोरांना डोंगर तुडवू देऊ नकोस म्हणून बजावते.

इथे थांबायला हवे, कारण ‘डोंगराचा शेवट पाहायला मिळणार नाही’ या एका वाक्याच्या मागे शोनागोनने जे झाकले आहे ते तिच्या पहिल्या वाचकांना पुरते ठाऊक होते. तेइशीचे वडील फुजिवारा नो मिचिताका 995 मध्ये वारले. सत्ता त्यांचा भाऊ मिचिनागाकडे गेली. क्योगोकुचा वाडा त्याचाच. पुढच्याच वर्षी तेइशीच्या दोन्ही भावांना राजधानीबाहेर धाडले गेले आणि तिने स्वतःचे केस कापले. संन्यासाची खूण अंगावर घेतलेली सम्राज्ञी मुख्य राजवाड्यात सरळ राहू शकत नव्हती. डोंगर उभा राहिला ती जागा त्या राजवाड्याच्या हद्दीबाहेरची होती. तीन तारखेचे जाणे म्हणजे लोकांच्या कुजबुजीला न जुमानता नवऱ्याकडे जाणे होते. त्याच वर्षीच्या अकराव्या महिन्यात तिला मुलगा झाला. आणि शोनागोन लिहिते काय? माझा डोंगर मागे राहिला.

हा बर्फाचा डोंगर तेइशीच्या घराण्याचे प्रतीक आहे, असे म्हणायचा मोह इथे होतो. मी तो आवरतो. प्रतीक म्हटले की बर्फ फक्त वितळण्यापुरते उरते, आणि शोनागोनला रस आहे तो ते टिकवण्याच्या खटपटीत. सात तारखेपर्यंत ती तेइशीजवळ राजवाड्यात राहते, मग घरी येऊन रोज माणूस पाठवते. तेराच्या रात्री धुवाधार पाऊस पडतो, ती रात्र जागून काढते आणि घरचे तिला वेडी ठरवून हसतात. चौदाला निरोप येतो की बसायच्या गोल आसनाएवढे बर्फ शिल्लक आहे, उद्या-परवापर्यंत राहील. आता फक्त ते डब्यात भरून, सोबत एक कविता जोडून तेइशीकडे पाठवायचे. दुसऱ्या दिवशी पहाटेच माणूस रवाना होतो: पांढरा भाग तेवढा घे, मळका टाक. माणूस गेला तसा परत येतो, रिकामा डबा लोंबकळवत. काल संध्याकाळपर्यंत होते ते बर्फ रातोरात गेलेले असते.

वीस तारखेला शोनागोन तेइशीपुढे हे रडगाणे गाते आणि तेइशी हसत सुटते. चौदाच्या रात्री माणसे पाठवून ते बर्फ तिनेच फेकून द्यायला लावले होते. नाहीतर विसाव्यापर्यंत सहज टिकले असते, तेव्हा तूच जिंकलीस, आता ती कविता म्हण, असे ती सांगते. इतके मोठे कारस्थान, तेही एका सखीला हरवण्यासाठी? माझ्या मते तेइशी शोनागोनला वाचवते आहे. सगळ्यांविरुद्ध एकटीने लावलेली पैज तंतोतंत जिंकणे हे दरबारात सुखाने पचणारे नसते. ज्या सम्राज्ञीच्या पाठीशी आता बाप नाही आणि भावांचा जोर उरलेला नाही, तिला आपल्या माणसांत हेवेदावे परवडत नाहीत. मजकुरात हे कुठे लिहिलेले नाही. पण ज्या लेखिकेने तीन तारखेचा अर्थ सांगितला नाही, ती चौदाच्या रात्रीचा तरी का सांगेल?

इसवी सन 1000 च्या अखेरीस तेइशी बाळंतपणात गेली. तोवर मिचिनागाने आपल्या मुलीला, शोशीला, दुसरी सम्राज्ञी करून आणले होते. शोशीच्या पदरी असलेल्या मुरासाकी शिकिबूने, म्हणजे ‘गेंजी’ या कादंबरीच्या लेखिकेने, आपल्या रोजनिशीत शोनागोनला आढ्यताखोर ठरवले आणि अशा बाईचे पुढे बरे व्हायचे नाही, असेही सुचवले. आढ्यता होतीच. पण बर्फाच्या प्रसंगात शोनागोन स्वतःच्या आढ्यतेचीच थट्टा करते, हे मुरासाकीला दिसले नाही, किंवा दिसूनही तिने सोडून दिले.

आणि ती कविता? शोनागोन नावाजलेल्या कवीची मुलगी. वडील कियोहारा नो मोतोसुके ‘गोसेनश्यू’ या शाही काव्यसंग्रहाच्या संपादकांपैकी एक. त्या कवितेवर तिने जीव तोडून मेहनत घेतलेली. तेइशी मागते, सख्या गळ घालतात. शोनागोन साफ नकार देते: एवढे ऐकल्यावर आता कविता कसली म्हणायची! तेवढ्यात सम्राट येतो, सगळे ऐकतो आणि शोनागोनला चिडवतो की, इतकी वर्षे मला वाटत होते तू हिची लाडकी आहेस. आता शंका येते.