दाखविलेले आणि दडविलेले

मायकेल मूर ह्यांचा ‘सिको’ हा अनुबोधपट २००७ साली प्रदर्शित झाला. अमेरिकेतील आरोग्यविम्याच्या व्यवहारावर त्याने केलेली टीका जिव्हारी लागणारी आहे. न्यूयॉर्कवरील २००१ च्या हल्ल्यानंतर मदतकार्य करताना आजारी पडलेल्या काहींना मूर क्यूबाच्या राजधानीत, हवानात, नेतात. तेथे एका मोठ्या रुग्णालयात त्यांच्यावर आस्थेने उपचार होतात. अमेरिकेत १२० डॉलरांना पडणारे श्वासाचे औषध तेथे पाच सेंटांत मिळते, तेव्हा रुग्ण स्त्री गहिवरते. प्रेक्षकालाही गहिवरून आल्यावाचून राहत नाही.

परंतु गहिवर हा काही पुरावा नव्हे. ह्या चित्रणावर पहिला घाव घातला तो क्यूबातून परागंदा झालेल्या लेखकांनी. परकीयांना व सत्तेच्या निकटवर्तीयांना एक रुग्णालय आणि सामान्य जनांना दुसरे, असा भेद तेथे आहे. सामान्य रुग्णाला अंथरूणपांघरूणही घरून आणावे लागते, असे त्यांचे म्हणणे. मेंदूच्या शल्यविशारद हिल्दा मोलिना ह्यांची साक्ष ह्या बाबतीत वजनदार ठरते. हवानातील मज्जासंस्थेच्या उपचारकेंद्राच्या त्या संस्थापक. डॉलर मोजणाऱ्या परदेशी रुग्णांना अग्रक्रम देण्याचे धोरण न पटल्याने १९९४ साली त्यांनी ते पद सोडले. देशाबाहेर जाण्याची परवानगी मात्र त्यांना २००९ साली मिळाली.

तथापि परागंदांचे लेखनही निर्दोष नाही. ज्या घरातून आपल्याला बाहेर पडावे लागले, त्याची प्रत्येक भिंत काळीच दिसावी, हा मनुष्यस्वभाव आहे. १९६२ सालच्या अमेरिकी व्यापारबंदीने औषधे व उपकरणे मिळविणे किती अवघड केले, ह्याचा उल्लेख त्यांत क्वचितच येतो. मातेकडून बालकाकडे होणारा एचआयव्ही व उपदंश ह्यांचा संसर्ग थांबविणारा पहिला देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली क्यूबालाच मान्यता दिली, हेही नाकारता येत नाही.

मग खरे कोणाचे? ह्याचे उत्तर मासोर्रा येथील घटनेत शोधावे. जानेवारी २०१० मध्ये हवानातील ह्या मनोरुग्णालयात थंडीच्या लाटेत २६ रुग्ण दगावले. त्यांच्या अस्थिपंजर शवांची छायाचित्रे देशाबाहेर पोचली आणि परागंदांनी ती प्रसिद्ध केली. मृत्यूंची कबुली सरकारलाही द्यावी लागली. २०११ साली तेथील न्यायालयाने रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा दिली. येथे परागंदांचा शब्द कसोटीस उतरला, तो त्यांच्या रोषामुळे नव्हे. पडताळून पाहता येईल असे काही त्यांनी पुढे ठेवले म्हणून.

तपासणीच्या दिवशी शाळा कशी दिसते, हे आपणा शिक्षकांना कोणी सांगावयास नको. फळे पुसलेले, पोरे हात जोडून बसलेली. त्या दिवसावरून शाळेची पारख करणारा तपासनीस भोळा. आणि शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या एका तक्रारीवरून ती करणारा उतावळा. मूर ह्यांनी पाहिला तो तपासणीचा दिवस. परागंदांनी इतर दिवसांची आठवण करून दिली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र त्यांचाही प्रत्येक शब्द त्याच तराजूत तोलणे, हे आपले काम होय.